जुन्या लिनक्स संगणकावर व्हिडिओ अडखळत असेल तर

मुंबईत जुना लॅपटॉप सहसा भंगारात जात नाही. घरात नवा आला की जुना धाकट्या भावंडाकडे जातो, तिथून सोसायटीच्या कार्यालयात किंवा मंडळाच्या कपाटात पोहोचतो, आणि विंडोज चालेनासे झाले की कोणी जाणकार त्यावर लिनक्स मिंट किंवा झुबुंटू बसवून देतो. पत्रे, पावत्या, ईमेल ही कामे त्यावर बिनबोभाट होतात. व्हिडिओ लावला की मात्र चित्र अडखळते, पंखा घरघरू लागतो आणि आवाज पुढे निघून जातो. अशा वेळी संगणक म्हातारा झाला असे म्हणून मोकळे होण्याची, नाही तर दुसरे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, बसवून पाहण्याची घाई होते. त्याआधी करण्याजोग्या तपासण्या या लेखात क्रमाने दिल्या आहेत. व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून साठवलेला आहे, ती पद्धत आपल्या संगणकातील ग्राफिक्स चिपला उलगडता येते का, हा त्यांतला मुख्य प्रश्न आहे आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

एक सूचना आधीच द्यायला हवी. आज्ञांची आणि पॅकेजांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून देण्याच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची असतात. नेमक्या स्पेलिंगची खात्री नसेल, तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नावाचा पहिला भाग शोधला तरी पॅकेज सापडते.

दोष कुठे आहे ते आधी ठरवावे

व्हिडिओ पडद्यावर येईपर्यंत चार टप्पे पार करतो. माहिती डिस्कवरून किंवा इंटरनेटवरून येते, मग ती उलगडली जाते म्हणजे डिकोड होते, उलगडलेली चित्रे पडद्यावर रंगवली जातात आणि त्याच वेळी आवाज स्पीकरकडे जातो. प्रत्येक टप्प्यातल्या दोषाची लक्षणे वेगळी असल्यामुळे एकही सेटिंग बदलण्यापूर्वी दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहावे. ही शिस्त पाळली नाही, तर दहा ठिकाणचे दहा उपाय करून झाल्यावर नेमके कशामुळे बिघडले आणि कशामुळे सुधारले हे कळेनासे होते.

यूट्यूबवर ही तपासणी सर्वांत सोपी आहे. चालू व्हिडिओवर माउसचे उजवे बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' हा पर्याय निवडला की एक काळसर चौकट उघडते. तिच्यातील तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. 'बफर हेल्थ' म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच उतरलेला आहे. 'फ्रेम्स'च्या ओळीत 'ड्रॉप्ड' या शब्दाजवळचा आकडा म्हणजे किती चित्रे वेळेत तयार न झाल्याने गाळली गेली. 'कोडेक्स' या ओळीत व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, म्हणजे कोडेक, लिहिलेली असते. व्हिडिओ थांबतो तेव्हा बफर हेल्थ शून्याकडे गेलेली असेल, तर दोष इंटरनेटचा आहे आणि संगणकाला हात लावण्याची गरज नाही. बफर वीस-तीस सेकंदांचा भरलेला असूनही गाळलेल्या चित्रांचा आकडा चढत असेल, तर दोष संगणकात आहे.

इंटरनेटचा भाग थोडक्यात आटोपतो. १०८०पी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस इतका वेग पुरतो, तेव्हा मोठा प्लॅन घेण्याची गरज सहसा नसते. मुंबईतल्या इमारतींत खरी अडचण वायफायची असते. जुन्या लॅपटॉपचे वायफाय कार्ड पुष्कळदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचे असते, आणि या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ अशी तीनच आहेत. त्यांवर वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरांतील सगळे राउटर एकाच वेळी बोलत असतात. राउटरपासून लॅन केबल ओढून एकदा व्हिडिओ चालवून पाहावा. केबलवर सुरळीत चालला, तर दोष हवेतला आहे. राउटरचे चॅनेल बदलावे, किंवा शक्य असेल तर केबलच कायम ठेवावी.

संगणकात साठवलेल्या फाइलसाठी हीच तपासणी व्हीएलसी या मोफत प्लेयरमध्ये करता येते. 'टूल्स' मेनूतील 'कोडेक इन्फर्मेशन' उघडले की एका टॅबवर कोडेकचे नाव आणि 'स्टॅटिस्टिक्स' या टॅबवर गाळलेल्या चित्रांचा आकडा दिसतो. त्याच वेळी टर्मिनलमध्ये एचटॉप, म्हणजे प्रोसेसरवरचा भार पट्ट्यांनी दाखवणारे साधन, चालू ठेवावे. प्रोसेसरच्या सगळ्या पट्ट्या शंभर टक्क्यांना टेकलेल्या दिसल्या, तर उलगडण्याचे सगळे ओझे प्रोसेसरवर पडले आहे आणि ग्राफिक्स चिप हातावर हात ठेवून बसली आहे, असे समजावे.

कंटेनर आणि कोडेक

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो. 'ही एमपी४ चालते, मग ती एमपी४ का चालत नाही?' असा प्रश्न वारंवार येतो. एमपी४, एमकेव्ही, वेबएम, एव्हीआय ही कंटेनरची, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या डब्याची, नावे आहेत. जेवणाचा डबा बाहेरून पाहून आत पोळीभाजी आहे की पुलाव हे कळत नाही, तसे फाइलच्या शेपटीवरून आत कोणता कोडेक आहे हे कळत नाही. आज भेटणारे मुख्य कोडेक चार आहेत. एच.२६४ हा २००३ मधला, आणि जुन्या संगणकाचा खरा मित्र. एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ आणि गूगलचा व्हीपी९ हे दोन्ही २०१३ मधले. एव्ही१ हा २०१८ मधला. जितका नवा कोडेक, तितकी फाइल लहान; पण उलगडण्याचे काम तितकेच अवघड, आणि ते काम करणारी चिप नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो.

याचे नेहमीचे उदाहरण गणेशोत्सवानंतर मंडळाच्या कार्यालयात पाहायला मिळते. विसर्जन मिरवणुकीचे चित्रीकरण कोणीतरी नव्या आयफोनवर केलेले असते, फाइल पेनड्राइव्हवरून मंडळाच्या लॅपटॉपवर येते, प्रोजेक्टर जोडला जातो, आणि ढोलाचा आवाज नीट येत असताना चित्र मात्र दर दोन सेकंदांनी गोठते. गेल्या वर्षीची फाइल त्याच लॅपटॉपवर झकास चाललेली असल्यामुळे संशय पेनड्राइव्हवर किंवा प्रोजेक्टरवर जातो. कोडेक इन्फर्मेशन उघडावे, तर तिथे 'एचईव्हीसी' हा शब्द दिसतो. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून या पद्धतीने चित्रीकरण करू शकतात आणि नव्या फोनवर तीच मूळ निवड असते. पेनड्राइव्हचा यात सहसा दोष नसतो, कारण जुना यूएसबी २.० देखील सेकंदाला तीसेक मेगाबाइट सहज देतो, आणि १०८०पी व्हिडिओला साधारणपणे सेकंदाला एक-दोन मेगाबाइटच लागतात. ४के चित्रीकरण असले, तरी हा हिशेब फारसा बदलत नाही.

आपल्या चिपला काय येते

टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा दिली की प्रोसेसरचे नाव दिसते. इंटेल कोअर मालिकेत आय३, आय५ किंवा आय७ नंतर येणाऱ्या चार आकडी क्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे पिढी: आय३-२३१० हा दुसऱ्या पिढीचा, आय५-३४७० हा तिसऱ्या. दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०११ पासूनच्या बहुतेक संगणकांत एच.२६४ चे हार्डवेअर डिकोडिंग लिनक्सवर चांगले चालते. एचईव्हीसी पूर्णपणे उलगडणारी चिप सहाव्या पिढीत आली, व्हीपी९ ची सातव्या पिढीत आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीत. म्हणजे पाचव्या पिढीपर्यंतचा संगणक असेल, तर वरच्या चार कोडेकांपैकी एच.२६४ सोडून बाकीचे प्रोसेसरच्या बळावरच चालणार, हे गृहीत धरावे.

चिपला येणारी गोष्ट लिनक्सला वापरता येते की नाही, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी व्हीएइन्फो नावाचे छोटे पॅकेज बसवून त्याच नावाची आज्ञा द्यावी. उत्तरादाखल अनेक ओळी येतात. डावीकडे कोडेकचे नाव आणि उजवीकडे काम असे त्यांचे स्वरूप असते. ज्या ओळीच्या शेवटी 'व्हीएलडी' ही अक्षरे आहेत, तो कोडेक चिप उलगडू शकते. त्या जागी 'एन्क' ही अक्षरे असतील, तर ती ओळ व्हिडिओ तयार करण्याची आहे, पाहण्याची नव्हे. दुसऱ्या पिढीच्या चिपवर एमपीईजी२, एच.२६४ आणि व्हीसी१ एवढ्याच ओळी दिसतील, आणि त्यात काही बिघाड नाही. त्या चिपची मर्यादा तेवढीच आहे.

आज्ञा दिल्यावर ओळींऐवजी चूक दाखवली गेली, तर ड्रायव्हर बसलेला नाही किंवा चुकीचा लागू होतो आहे. इंटेलचे असे दोन ड्रायव्हर आहेत: जुन्या चिपसाठी आय९६५ आणि पाचव्या पिढीपासून पुढे आयएचडी. चौथ्या पिढीपर्यंतच्या संगणकावर आय९६५-व्हीए-ड्रायव्हर हे पॅकेज हवे. एएमडीच्या रेडिऑन चिपसाठी मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स हे पॅकेज लागते. फेडोरा हे डिस्ट्रो वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पेटंटच्या कारणास्तव तिथले मूळ मेसा पॅकेज एच.२६४ आणि एचईव्हीसीची सोय बंद ठेवून दिलेले असते. ती सोय आरपीएम फ्यूजन या भांडारातून वेगळी बसवावी लागते.

जुन्या एनव्हिडिया कार्डांबाबत माझे मत जरा कडक आहे. ३४० आणि ३९० या क्रमांकांच्या ड्रायव्हर मालिकांना कंपनीने पाठबळ देणे बंद केले आहे, आणि नव्या कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर, ते बसवण्याच्या खटपटीत संगणकाचा पडदाच काळा होण्याची शक्यता अधिक. नवख्याने त्या वाटेला न जाता आपोआप बसणारा नूवो ड्रायव्हर राहू द्यावा आणि ४८०पी किंवा ७२०पी वर समाधान मानावे.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. मेसा-युटिल्स पॅकेजमधील जीएलएक्सइन्फो ही आज्ञा, पुढे उणे चिन्ह आणि त्याला जोडून मोठ्या लिपीतला 'बी' लिहून, दिली असता रेंडररचे, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या घटकाचे, नाव दिसते. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असे आले, तर ग्राफिक्स चिप मुळीच वापरात नाही आणि साध्या खिडक्या रंगवण्याचे कामही प्रोसेसर करतो आहे. हा दोष दूर झाल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय लागू पडणार नाही. ड्रायव्हर मॅनेजर उघडून किंवा सिस्टीम अद्ययावत करून तो आधी सोडवावा.

ब्राउझरमधले उपाय

यूट्यूब साधारणपणे व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवते, कारण त्यात त्यांची बँडविड्थ वाचते. नर्ड्सच्या चौकटीत 'व्हीपी०९' किंवा 'एव्ही०१' असे दिसले आणि चिपला फक्त एच.२६४ येत असेल, तर यूट्यूबकडून एच.२६४ च मागवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्यासाठी फायरफॉक्सवर 'एच२६४इफाय' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे साधन, मिळते. ते बसवून पान पुन्हा उघडले की कोडेकच्या ओळीत 'एव्हीसी१' दिसू लागते आणि एचटॉपमधल्या पट्ट्या खाली बसतात. एच.२६४ मध्ये यूट्यूब १०८०पी पर्यंतच व्हिडिओ देते, पण जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ चा असल्याने त्यावर ७२०पी आणि १०८०पी यांत डोळ्यांना फरक जाणवणे कठीण. म्हणून गुणवत्ता हाताने ७२०पी वर ठेवावी. एकाच व्हिडिओला '७२०पी' आणि '७२०पी६०' असे दोन्ही पर्याय असतील, तर साठ चित्रांचा टाळावा. तो जवळपास दुप्पट काम मागतो.

एक्स्टेन्शन नको असेल, तर फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', कोलन आणि 'कॉन्फिग' असे जोडून लिहावे, इशारा स्वीकारावा आणि 'मीडिया डॉट एव्ही१ डॉट एनेबल्ड' ही नोंद शोधून 'फॉल्स' करावी. एवढ्याने निदान एव्ही१ चा भार टळतो.

यानंतर फायरफॉक्सच्या त्याच पट्टीत 'अबाउट' आणि कोलनपुढे 'सपोर्ट' लिहून उघडणारे पान पाहावे. त्यातील मीडिया विभागात कोडेकनिहाय तक्ता असतो आणि कोणता कोडेक हार्डवेअरवर उलगडला जातो हे तिथे कळते. इंटेल चिपसाठी लिनक्सवर ही सोय फायरफॉक्स ११५ पासून, म्हणजे जुलै २०२३ पासून, मुळातच चालू असते. त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर अद्ययावत करणे हाच उपाय. क्रोम आणि क्रोमियममध्ये लिनक्सवरचे हार्डवेअर डिकोडिंग पुष्कळदा बंद आढळते. म्हणून जुन्या इंटेल संगणकावर व्हिडिओसाठी मी फायरफॉक्स सुचवतो. ३२ बिटी लिनक्ससाठी मात्र गूगलने क्रोम देणे २०१६ मध्येच थांबवले, आणि फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्याही २०२५ पासून त्यासाठी मिळत नाहीत.

इंटरनेटवर सापडणारे जुने सल्ले मात्र तारीख पाहूनच घ्यावेत. फ्लॅश प्लेयरची सेटिंग्ज बदलायला सांगणारी पाने अजून सापडतात. फ्लॅशचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले.

ओटीटी सेवेवर काहीच न दिसता चूक दाखवणारा संदेश येत असेल, तर तो बहुधा संरक्षित आशयाचा प्रश्न असतो. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डीआरएम आशय चालू करावा. ब्राउझर वाइडवाइन हा घटक स्वतः उतरवून घेतो.

साठवलेल्या फाइलींसाठी

फाइल मुळीच उघडत नसेल किंवा फक्त आवाज येत असेल, तर कोडेकची पॅकेजे बसलेली नाहीत. उबुंटूवर उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज आणि मिंटवर मिंट-मेटा-कोडेक्स हे पॅकेज बसवले की काम भागते. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत आणते, म्हणून डिस्ट्रोच्या मूळ प्लेयरमध्ये न चालणारी फाइल व्हीएलसीमध्ये चालते का, हे आधी पाहावे.

तरीही जुन्या संगणकासाठी माझी पसंती एमपीव्हीला आहे. दिसायला तो रूक्ष आहे, मेनू जवळजवळ नाहीत, पण तपासणीसाठी त्याच्याइतका सोयीचा प्लेयर नाही. फाइल चालू असताना 'आय' ही कळ दाबली की कोडेक, गाळलेली चित्रे आणि हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे की नाही, हे सगळे पडद्यावरच येते. कंट्रोल आणि 'एच' एकत्र दाबले की ते डिकोडिंग तिथल्या तिथे चालू-बंद होते. दोन्ही स्थितींत एचटॉपकडे पाहावे, म्हणजे चिप खरोखर काम करते की नाही याचा पुरावा मिळतो. कधी कधी जुन्या चिपवर हार्डवेअर डिकोडिंगमुळेच हिरवे पट्टे किंवा चौकोन दिसतात. तशा वेळी ते बंद ठेवून ७२०पी ची फाइल वापरणे बरे. व्हीएलसीमध्ये हीच निवड 'प्रेफरन्सेस'मधील 'इनपुट अँड कोडेक्स' या पानावर आहे. त्याच पानावर एच.२६४ चा डीब्लॉकिंग फिल्टर वगळण्याचा पर्यायही सापडेल. चित्र किंचित ठोकळेबाज होते, पण कोअर टू ड्युओसारखा जुना इंटेल प्रोसेसर असलेल्या यंत्राला त्याने श्वास मिळतो.

मंडळाच्या त्या एचईव्हीसी फाइलीचे काय करायचे? सर्वांत चांगले म्हणजे ती फोनवर असतानाच रोग टाळायचा: आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडले की पुढचे चित्रीकरण एच.२६४ मध्ये होते. हाती आलेल्या फाइलीसाठी हँडब्रेक हे मोफत साधन आहे. त्यात फाइल उघडून 'फास्ट ७२०पी३०' हा तयार साचा निवडावा आणि रूपांतर सुरू करावे. जुन्या संगणकावर तासाभराच्या चित्रीकरणाला रात्रभरही लागू शकते, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी हे काम काढू नये. कोणाकडे नवा संगणक असेल तर त्यावर करून घ्यावे. मूळ फाइल मात्र पुसू नये.

सुरुवातीला नीट, नंतर अडखळतो

पहिली दहा-पंधरा मिनिटे व्हिडिओ व्यवस्थित चालतो आणि मग अडखळू लागतो, हे लक्षण उष्णतेचे आहे. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःचा वेग उतरवतो. एलएम-सेन्सर्स हे पॅकेज बसवून सेन्सर्स ही आज्ञा अधूनमधून दिली, तर तापमान कसे चढते ते दिसते. ९० अंशांच्या वर ते टिकून राहात असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध थांबवावी. मुंबईच्या दमट हवेत धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर चिकटून नमद्यासारखा थर तयार करते. लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून, मऊ ब्रशने ती झाडावी; तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्यातली वाफ आत जाते. कित्येक वर्षांत थर्मल पेस्ट बदललेली नसेल, तर ती बदलून घ्यावी. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर पेस्टही मिळते आणि ती लावून देणारे कारागीरही भेटतात. लॅपटॉप गादीवर ठेवून पाहण्याची सवय असेल तर ती सोडावी, खालच्या जाळ्या बंद होतात.

तापमान ठीक असूनही वेग कमीच राहात असेल, तर चार्जरकडे पाहावे. काही लॅपटॉप मूळ अडॅप्टर ओळखता आला नाही की प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतात, आणि जुन्या लॅपटॉपबरोबर मूळ अडॅप्टर क्वचितच शिल्लक असतो.

चित्र फाटते, काळे दिसते, आवाज येत नाही

हलत्या दृश्यात आडवी रेघ पडून वरचा आणि खालचा भाग सरकल्यासारखा दिसतो, त्याला टेअरिंग म्हणतात. यात चित्रे गाळली जात नाहीत, म्हणून कोडेकशी त्याचा संबंध नाही. एक्सएफसीई हा डेस्कटॉप (झुबुंटूचा) वापरत असाल, तर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये कंपोझिटर, म्हणजे खिडक्या एकत्र करून पडद्यावर दाखवणारा घटक, चालू करावा. लॉगिनच्या पडद्यावर वेलँड (पडदा रंगवण्याची नवी व्यवस्था) सत्राचा पर्याय दिसत असेल, तर एकदा त्यातून आत शिरून पाहावे. व्हीएलसीमध्ये आवाज येतो पण खिडकी काळी राहते, अशा वेळी 'व्हिडिओ' पानावरील 'आउटपुट' हे 'ऑटोमॅटिक'वरून ओपनजीएल किंवा एक्सव्हिडिओ करून प्लेयर पुन्हा सुरू करावा.

टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडल्यावर आवाज नाहीसा होणे हे फार सर्रास घडते, कारण आवाज एचडीएमआयच्या वाटेने स्पीकर नसलेल्या प्रोजेक्टरकडे जातो. पाव्हूकंट्रोल हे साधन उघडून 'कॉन्फिगरेशन' टॅबवर ॲनालॉग आउटपुट निवडावे. ओठ आणि आवाज यांचा मेळ बसत नसेल, तर व्हीएलसीमध्ये 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मागेपुढे करता येतो. मात्र चित्रे गाळली जात असतील, तर ही जुळवणी टिकणार नाही, आधी तो दोष काढावा.

खर्च करायचाच असेल तर

एसएसडी बसवल्याने संगणक लवकर सुरू होतो आणि ब्राउझर चटकन उघडतो. व्हिडिओतील एकही गाळलेले चित्र त्याने परत येत नाही. रॅम दोन जीबी असेल आणि ब्राउझर उघडताच फ्री ही आज्ञा स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा, भरत चालल्याचे दाखवत असेल, तर चार जीबीने खरोखर फरक पडतो. चारवरून आठ केल्याने व्हिडिओत सहसा पडत नाही. डेस्कटॉप असेल तर जुन्या एनव्हिडिया कार्डावर पैसे घालू नयेत. त्यापेक्षा सातव्या पिढीचा किंवा पुढचा एखादा वापरलेला ऑफिस डेस्कटॉप पाहावा, आणि पैसे देण्याआधी दुकानातच लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे संगणकात न बसवता थेट पेनड्राइव्हवरून, लिनक्स सुरू करून, लागल्यास तिथेच ड्रायव्हर बसवून, व्हीएइन्फोच्या यादीत व्हीपी९ आणि एचईव्हीसी या दोन्हींपुढे 'व्हीएलडी' आहे ना, ते तपासून घ्यावे.